कोणतीही प्रौढ व्यक्ती

गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातला गडगा, म्हणजे चुना-सिमेंटशिवाय नुसते दगड रचून घातलेली कुंपणाची भिंत, आठ-दहा हात बसला. कोकणात ही काही बातमी नव्हे. तीन दिवस झड लागली, कडेच्या फणसाच्या मुळ्या आतून रेटत होत्याच, आणि एका पहाटे गडगड आवाज करत तो पाणंदीत उतरला. उजाडल्यावर पाहिलं तर दगड वाटभर पसरलेले आणि शेजाऱ्यांची दोन गुरं आगरात निवांत चरत होती.

चिऱ्याचं कंपाउंड घालून टाक, कायमची कटकट मिटेल, असा सल्ला वाडीतल्या झाडून सगळ्यांनी दिला. सल्ला चुकीचा नव्हता. पण दगड तिथेच पडलेले होते, फुकटचे होते, आणि चिरा, सिमेंट, वाळू, वाहतूक असा हिशेब मांडल्यावर माझा परंपरेचा अभिमान एकदम जागा झाला. गडगाच घालायचा ठरवला. घालणारा मिळेपर्यंत मात्र दिवाळी उलटून गेली. पंचक्रोशीत हे काम नीट जाणणारे आता दोघे-तिघेच उरलेत, तेही सत्तरीच्या आसपासचे. आमच्याकडे जे आले त्यांना सगळी वाडी तात्या म्हणते.

पहिले दोन दिवस तात्यांनी एकही दगड रचला नाही. ढासळलेला भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा शाबूत भागही त्यांनी उकलला आणि दगडांचे ढीग लावले. बोजड दगड पायासाठी, लांबट वेगळे, चपटे माथ्यासाठी, आणि मुठीत मावतील अशा चिपांचा एक मोठा ढीग. मला वाटलं, माणूस रोज वाढवतोय. तिसऱ्या दिवशी दोरी लागली आणि मग हात जो चालला तो पाहत बसावा असा. गडग्याला दोन तोंडं असतात, एक आतलं, एक बाहेरचं, आणि मधे पोट. दगडाची लांबी भिंतीच्या आत जाते, बाहेर दिसतं ते त्याचं डोकं. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड येतो. सांधा थेट वर चढू द्यायचा नाही. ठरावीक अंतरावर एक लांब दगड दोन्ही तोंडांना धरून आरपार जातो. पायाला दोन हात रुंद असलेली भिंत माथ्यावर हातभर होते, म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकांकडे झुकतात. आणि पोटात चिपा भरायच्या त्या एकेक हातानं बसवून. घमेल्यानं ओतायच्या नाहीत. मातीचा गोळाही नाही, सिमेंटचा तर प्रश्नच नाही. पाणी आलं तर आरपार निघून जातं. अडत नाही म्हणून ढकलतही नाही.

तात्यांचा एक नियम मला विशेष आवडला. "हातात घेतलेलो दगड परत खाली ठेवचो नाय. तेची जागा खंय तरी आसताच." उचलण्याआधी डोळ्यांनी मापून घ्यायचं, उचलल्यावर विचार करत बसायचं नाही.

इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात, मेंढ्यांच्या कुरणांभोवती मैलोन् मैल अशाच बिनचुन्याच्या भिंती आहेत. तिथले जुने कारागीर नवशिक्याला हेच सांगतात की उचललेला दगड खाली ठेवू नकोस. एकाच्या डोक्यावर दोन, दोघांच्या डोक्यावर एक, हा त्यांचा सांधमोडीचा मंत्र. दगडाची लांबी आत, पोट हातानं भरायचं, आरपार दगड, वर निमुळती होत जाणारी भिंत, सगळं तेच. जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठी साकामोतो नावाचं गाव आहे. किल्ल्यांच्या दगडी भिंती रचणाऱ्या आनो कारागिरांचं हे गाव. दगडाचं म्हणणं ऐक आणि तो जिथे जायचं म्हणतो तिथे त्याला बसव, अशी त्यांच्या घराण्याची शिकवण. यांतल्या कोणी एकमेकांकडून काही शिकल्याचा संभव नाही. दगड सगळीकडे दगडासारखाच वागतो, पाऊस सगळीकडे उताराकडेच धावतो, त्यामुळे त्यांच्याशी जमवून घेणाऱ्या हातांना एकच व्याकरण सापडतं.

युनेस्कोनं 2018 मध्ये बिनचुन्याच्या दगडी भिंती रचण्याची ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड या आठ देशांनी मिळून अर्ज केला होता. 2024 मध्ये आयर्लंड, ऑस्ट्रिया, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि अंडोरा हे त्यात आले आणि देश झाले तेरा. त्या यादीत आपणही असायला हवं होतं, अशी गळाकाढू तक्रार मला करायची नाही. यादीत नाव आल्यानं गडगा उभा राहत नाही. माझी तक्रार दुसऱ्याच एका कागदाशी आहे.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अकुशल अंगमेहनतीच्या कामाची व्याख्या दिलेली होती. तिचा अर्थ असा: कोणतंही कौशल्य किंवा विशेष प्रशिक्षण नसताना कोणतीही प्रौढ व्यक्ती करू शकेल असं कोणतंही शारीरिक काम. हा कायदा करताना ज्या महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार घेतला गेला, त्या आपल्या रोजगार हमीतही हाच शब्द होता. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस 100 चे 125 झाले, नाव लांबलचक झालं, 'अकुशल' जागच्या जागी राहिला.

आणि या अकुशल मजुरांकडून करून घ्यायची कामं कोणती? बांधबंदिस्ती. सलग समतल चर, जो डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवरून न्यावा लागतो, हातभर चुकला तर पाणी एका टोकाला जमून चर फोडतं. आणि ओढ्या-नाल्यांच्या माथ्याकडे घालायचा अनघड दगडी बांध. म्हणजे वाहत्या पाण्यात उभा राहणारा गडगाच की.

व्याख्या वाचल्यावर मी तिची चाचणी घेतली. मी प्रौढ व्यक्ती आहे. दगडकामाचं कोणतंही कौशल्य किंवा प्रशिक्षण माझ्याकडे नाही. म्हणजे कायद्यात मी नेमका बसतो. दगड मात्र बसत नव्हता. तात्या जेवायला गेले तेवढ्या वेळात मी हात-दीड हात लांबीचे दोन थर रचले. दिसायला छान दिसत होते. तात्यांनी येऊन एका दगडावर नुसता तळवा ठेवून दाबला, तो डुगडुगला. दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "शेपटी भायर ठेवलंस, आत धरतला काय?" दगडाची लांब बाजू मी बाहेर दिसेल अशी आडवी ठेवली होती. जास्त जागा भरते, काम लवकर उरकतं, आणि पहिल्या रेट्याला असा दगड सुळकन निसटतो. नवशिका हमखास हीच चूक करतो म्हणे, कोकणातलाही आणि यॉर्कशायरमधलाही.

सरकारी मोजणीत माझे थर आणि तात्यांचे थर एका किमतीचे ठरले असते. दगडी कामाची मोजणी घनमीटरवर होते, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. टेप पोटात शिरत नाही. हातानं बसवलेल्या चिपा आणि घमेल्यानं ओतलेला कचरा मोजमाप पुस्तकात सारखाच दिसतो. अशा हिशेबात चांगलं काम करणाऱ्याचं नुकसान होतं, कारण त्याला वेळ जास्त लागतो. पहिल्याच पावसात वाहून गेलेले अनघड दगडी बांध आपण सगळ्यांनी पाहिलेत. मग लोक म्हणतात मजुरांनी चुकारपणा केला, किंवा कोणी पैसे खाल्ले. दोन्ही होत असेल. पण ज्या कामाला कौशल्य लागतं हेच ज्या व्यवस्थेच्या कागदावर नाही, तिनं कौशल्याची अपेक्षा कुठून करायची?

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मला मान्यही आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला आणि रस्त्यांवर माती टाकायला उभी राहिली. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर पसरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिचं सगळं मोठेपण एका गोष्टीत होतं: काम मागायला आलेल्याला, तुला काय येतं, असा प्रश्न विचारायचा नाही. कुशल-अकुशलची चाळणी लावली असती तर विधवा, म्हातारे, कालपर्यंत दुसऱ्याच्या शेतावर राबलेले भूमिहीन हे सगळे बाहेर फेकले गेले असते. 'अकुशल' हा शब्द तिथे अपमान म्हणून नाही, उघडं दार म्हणून आला होता.

दार उघडं राहू द्या. माझं म्हणणं एवढंच की दारावरची पाटी आत केलेल्या कामाला चिकटवू नका. काम मागण्याचा हक्क बिनशर्त असला तरी गडग्याच्या कामावर दहा माणसांमागे एक जाणता हवा, त्याची मजुरी त्या जाणतेपणाची हवी आणि नऊ जणांना त्याच्या हाताखाली शिकता आलं पाहिजे. पूर्वी हे आपोआप होत असे. आता कागदावर लिहिल्याशिवाय होणार नाही, कारण कागदावर त्याच्या उलट लिहिलेलं आहे. 2005 च्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा होता. कुशल आणि अर्धकुशल कारागिरांची मजुरी साहित्याच्या खर्चात, म्हणजे सिमेंट-सळईच्या रांगेत धरली जायची, आणि त्यातला चौथा हिस्सा राज्याला सोसावा लागायचा. त्यामुळे तात्यांना कुशल म्हणणं राज्याच्या तिजोरीला महाग होतं आणि अकुशल म्हणणं फुकट. कोणत्या जिल्ह्याचा कोणता अधिकारी त्यांना कुशल म्हणायला गेला असता?

पण हिशेबाच्या सोयीनं सगळं उलगडत नाही. त्याखाली एक जुना थर आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात ग्रेट झिम्बाब्वे नावाचं प्राचीन नगर आहे. अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान बांधलेलं, भिंती काही ठिकाणी अकरा मीटर उंच, पायाशी पाच मीटर रुंद, आणि दोन दगडांमध्ये चुन्याचा थेंब नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते पाहिलं आणि ठरवून टाकलं की हे काळ्या माणसांचं काम असूच शकत नाही. फिनिशियन आले असतील, शेबाची राणी आली असेल, कोणीही आलं असेल. 1905 मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून हे स्थानिक आफ्रिकी लोकांचंच काम असल्याचं दाखवून दिलं, तरी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या त्या देशाच्या, गोऱ्या सरकारला ते पुढे पन्नास वर्षं पचलं नाही. 1980 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यानं नाव घेतलं तेच मुळी या दगडी घरांचं. समोर अकरा मीटरची भिंत उभी असताना 'यांना हे येत नाही' असं म्हणायला काय लागत असेल? अज्ञान पुरत नाही त्याला. त्या हातांना कौशल्य असेल तर त्या हातांना हक्कही असेल, ही भीती लागते.

आपल्याकडे ते काम जातीनं केलं. दगड वडारांचा. त्यातही दगड घडवणारे पाथरवट वेगळे, गाड्यावरून दगड वाहणारे गाडी वडार वेगळे, मातीकाम करणारे माती वडार वेगळे. शेकडो वर्षं धरणं, तलाव, विहिरी, घाटरस्ते, किल्ले या हातांनी उभे केले आणि आज हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीशी गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा 'सेवेचे ठायी तत्पर' हा लेख कोरलेला आहे. शाळेच्या सहलीत ते वाचून अंगावर काटा येतो, यायलाच हवा. पण ती अक्षरं ज्यानं छिन्नीनं कोरली त्याचं नाव कुठे शोधायचं? जन्मानं मिळालेलं म्हणून आपण त्याला कौशल्य मानलं नाही, 'त्यांच्या रक्तातच असतं' म्हणालो. रक्तात असलेल्या गोष्टीचा वेगळा दर द्यायची गरज नसते. पुढे सरकारी फॉर्मवर रकाना आला तेव्हा 'अकुशल' शब्द शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

आता थोडं उलट बाजूनं. दगडकामाबद्दल, शेतकामाबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप सावड आणि इर्जिकेकडे वळतो. गावं कशी एकदिलानं राबायची, हल्ली कसं सगळं पैशावर आलं, वगैरे. जगभर असे शब्द आहेत आणि ऐकायला गोड आहेत. आयर्लंडमध्ये मेहेल, फिनलंडमध्ये ताल्कोत, नॉर्वेत दुग्नाद, जपानमध्ये युई. शिराकावा खोऱ्यातल्या उंच गवती छपरांच्या घरांचं एकेक छप्पर सगळं गाव मिळून एक-दोन दिवसांत शाकारतं, ते याच युईवर.

या शब्दांकडे जरा बारकाईनं पाहिलं की त्यांत दोन वेगळे व्यवहार दिसतात आणि आपल्या मराठीनं ते नीट वेगळे ठेवलेत, हे मला फार मोलाचं वाटतं. सावड म्हणजे मोजून परतफेड. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या. दिवसाला दिवस, बैलजोडीला बैलजोडी. तिथे कोणी कोणावर उपकार करत नाही. इर्जिक म्हणजे एका शेताचं मोठं काम सगळ्यांनी एका दिवसात उरकायचं आणि रात्री यजमानाकडे पंगत. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या केचुआ लोकांकडे नेमके असेच दोन शब्द आहेत: मोजून फेडायचा तो आय्नी, आणि जेवणखाणावर बोलावून करून घ्यायची ती मिंका. इतक्या लांबच्या दोन डोंगरी समाजांनी तीच रेघ मारावी याचं कारण असं की ती मारली नाही तर पुढे काय होतं हे दोघांनाही कळलेलं असणार.

पंगत कोण घालू शकतो? ज्याच्याकडे धान्य आहे तो. इर्जिकेचं आमंत्रण पाटलाकडून आलं तर नाही म्हणायची सोय कोणाला असे? जेवण चांगलं होतं म्हणून वेठ ही वेठ राहत नाही असं थोडंच आहे. आणि सावडीत भूमिहीन माणसाला जागाच नव्हती. त्याच्याकडे परतफेड घ्यायला शेत कुठे होतं? पेरूमध्ये इंका राज्याची पाळीनं श्रम देण्याची मिता नावाची रीत होती. सोळाव्या शतकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदो यानं तेच नाव, तीच पाळी ठेवून माणसं पोतोसीच्या चांदीच्या खाणीत उतरवली. इंडोनेशियात गोतोंग रोयोंग म्हणजे मिळून ओझं उचलणं. सुकार्णो यांनी 1945 च्या भाषणात राष्ट्राच्या पाचही तत्त्वांचं सार या एका शब्दात आहे असं सांगितलं, आणि पुढे सुहार्तोंच्या राजवटीत त्याच शब्दाखाली गावकऱ्यांकडून सरकारी कामं बिनमोल करून घेतली गेली. यॉर्कशायरच्या त्या देखण्या भिंतींतल्याही बऱ्याचशा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, गावाची सामाईक कुरणं कायद्यानं कुंपणात घालून मोठ्या जमीनदारांच्या पदरी टाकली गेली, तेव्हाच्या आहेत. हातांचं कसब अस्सल, भिंत अस्सल, आणि तिनं केलेलं काम गरिबाची गाय बाहेर काढण्याचं.

म्हणून 'श्रमाची सामाईक मूल्यं' असं व्यासपीठावरून कोणी म्हणालं की मी सावध होतो. मला दिसणारी मूल्यं गडग्यात आहेत तेवढीच, आणि ती बरीच कमी बोलतात. न दिसणारं पोट दिसणाऱ्या तोंडाइतकंच नीट भरायचं. पाण्याला वाट ठेवायची. आणि पन्नास वर्षांनी दुसरा कोणी हाच गडगा उकलून याच दगडांनी परत रचणार आहे हे धरून चालायचं. तात्यांनी आमच्या गडग्याचा पाया उकलला तेव्हा खालच्या थरातला एक दगड पाहून ते जरा थांबले आणि हा कोणी घातला असेल ते सांगू लागले. बसवण्याच्या पद्धतीवरून ओळखलं. तो माणूस जाऊन तीसेक वर्षं झाली.

पुणे जिल्ह्यात, डिंभे धरणाच्या अंगाला आंबेगाव तालुक्यात, महादेव कोळी समाजात पडकई नावाची रीत आहे. उन्हाळ्यात चार घरं मिळून डोंगरउतारावर दगडी बांध घालतात, पोटात माती भरतात आणि भाताचं खाचर काढतात. आज याचं, उद्या त्याचं. म्हणजे सावड आणि दगडकाम एकाच शब्दात. स्थानिक संघटनांच्या रेट्यामुळे पडकईला सरकारी योजनेत जागा मिळाली, आणि ही फार चांगली गोष्ट झाली, कारण आदिवासींची रीत पहिल्यांदाच अंदाजपत्रकात आली. पण अंदाजपत्रकात आल्यावर तिच्या मागून जेसीबीही आले. 30 जुलै 2014 च्या सकाळी त्याच तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर उतारांवरच्या यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावर बोट ठेवलं गेलं. दुसऱ्या बाजूनं त्या दिवसांतली अतिवृष्टी आणि डोंगराची मूळ ठेवण यांवर. तो वाद मी इथे सोडवू शकत नाही. पण हात आणि जेसीबी यांत काय फरक आहे एवढं मला तात्यांकडे पाहून सांगता येतं. पहार मारताना दगड कुठे हलतोय, ओल कुठून येतेय हे हाताला कळतं आणि माणूस थांबतो. यंत्र चालवणाऱ्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात, त्याला थांबणं परवडत नाही. योजनेनं पडकईचं नाव घेतलं, माप घेतलं, आणि जी गोष्ट मापात येत नव्हती तीच मागे राहिली.

याची दुसरी टोकाची गोष्ट इटलीत घडते. चिंक्वे तेर्रेच्या समुद्रकाठच्या डोंगरांवर द्राक्षांसाठी शेकडो वर्षं रचलेल्या दगडी पायऱ्या आहेत, 1997 पासून जागतिक वारसा. तरुण शहरात गेले, पायऱ्या ओस पडल्या, भिंती फुगल्या. 25 ऑक्टोबर 2011 रोजी मुसळधार पाऊस झाला तेव्हा डोंगरावरचा चिखल आणि दगड मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सा या गावांत उतरले. तिथे वारसा होता, पाटी होती, पर्यटक होते. हात नव्हते.

तेव्हा काय करावं? काही जणांनी केलेलं आहे, ते पाहावं. जपानमध्ये महामार्गाच्या कडेला आनो पद्धतीची भिंत घालायचा प्रश्न आला तेव्हा क्योतो विद्यापीठात भार टाकून चाचणी झाली. काँक्रीटच्या भिंतीला तडे गेले, रचलेल्या दगडांची भिंत जरा दबली आणि टिकली. मग तिला महामार्गावर जागा मिळाली. फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या सरकारी अभियांत्रिकी संस्थेनं खऱ्या मापाच्या भिंती रचून, त्या पाडून पाहिल्या, आणि 2008 मध्ये उंची, रुंदी, उतार यांचे तक्ते छापून दिले. हे वरवर रुक्ष दिसतं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कनिष्ठ अभियंत्याला गडगा आवडत नाही असं नाही. त्याच्याकडे गडग्याचा तक्ता नाही. तक्ता नसेल तर उद्या पडल्यावर चौकशी त्याचीच होणार, म्हणून तो काँक्रीट लिहितो. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी हजारो प्रकल्प अहवाल बांधून कपाटात जातात. त्यातले चार विद्यार्थी काळ्या दगडाचा आणि जांभ्याचा गडगा रचून, मागे पाणी सोडून, तो कधी पडतो हे मोजत बसले तर काय बिघडेल?

आणि प्रमाणपत्र. एरवी मी प्रमाणपत्रांचा भक्त नाही. पण केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत, अंगी आधीच असलेलं कौशल्य तपासून त्याला मान्यता द्यायची सोय आहे. वाहनदुरुस्तीपासून शिवणकामापर्यंत लोकांना ती मिळते. दगड रचणाऱ्याला, चराची पातळी नुसत्या डोळ्यांनी धरणाऱ्या बाईला, भाताची मेर लिंपणाऱ्याला ती का मिळू नये? ब्रिटनमध्ये 1968 मध्ये स्थापन झालेली भिंत रचणाऱ्यांची संघटना चार पायऱ्यांची परीक्षा घेते. लेखी काही नाही. समोर जुनी भिंत, ती उकलायची आणि ठरलेल्या वेळात परत रचायची. पोट कसं भरताय ते परीक्षक उभा राहून पाहतो, कारण भिंत पुरी झाल्यावर ते कोणालाच दिसणार नसतं.

हे सगळं मी शेवटच्या दिवशी चहा पिताना तात्यांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माजी परीक्षा घेतलो कोण?"

मी सांगितलं की तिकडे परीक्षक म्हणजे साहेब नसतो, तोही भिंती रचणाराच असतो, त्यानं आधी स्वतः सगळ्या परीक्षा दिलेल्या असतात.

तात्यांनी कप बशीत ठेवला. "मगे पयल्याची कोणी घेतल्यान?"